राक्षसांची नोंदवही



शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणी, पतपेढीचे हप्ते हे या सदराचे नेहमीचे विषय. आज ते बाजूला ठेवतो. घरोघरी मुले ज्या विषयावर तासन् तास भांडतात आणि आईवडील ज्याला रिकामटेकडी बडबड समजून दटावतात, त्या विषयावर लिहायचे आहे. चॅरिझार्ड जिंकेल की ड्रॅगन? मॅकार्गोवर घागरभर पाणी ओतले तर तो मरेल की पाण्याचीच वाफ होईल? जगात नसलेले प्राणी आणि कधीही न होणाऱ्या लढाया! पण त्यांचा निकाल लावायला पोरे जी मेहनत घेतात ती एकदा शेजारी बसून पाहावी. कचेरीत एखादे प्रकरण इतक्या कसोशीने तपासलेले मी क्वचितच पाहिले आहे.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोकेमॉन हा मूळ जपानचा खेळ. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो तिकडे बाजारात आला. तो काढणारे सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडून जमवण्याचा नाद होता. त्या नादातूनच ही कल्पना निघाली. चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे आणि त्यांच्या झुंजी लावायच्या. पहिल्या खेळात १५१ प्राणी होते, आज ते एक हजारांच्या वर गेले आहेत. आपल्याकडे टी.व्ही.वर ही मालिका २००३ पासून दिसू लागली. तेव्हा चड्डी घालून ती पाहणारी मुले आज स्वतः बाप झाली आहेत, म्हणून कित्येक घरांत बाप आणि लेक दोघेही याच वादात असतात.

प्रत्येक प्राण्याची एक नोंद असते. उंची, वजन, जात कोणती म्हणजे आगीची, पाण्याची, दगडाची, विजेची, आणि अंगात कोणती शक्ती. पण चाहत्यांचे तेवढ्यावर भागत नाही. ते स्वतःच्या नोंदवह्या तयार करतात. चित्रपटात एखाद्याने डोंगराचा कडा उडवला, तर त्या कड्याचे आकारमान किती, त्यातल्या दगडाचे वजन किती, तो फोडायला शक्ती किती लागेल, याचे गणित मांडतात. मग दोन वेगवेगळ्या कथांतले प्राणी समोरासमोर उभे करतात. लढाईच्या अटी आधी ठरतात. मैदान दोघांनाही सारखे अनोळखी हवे. एकमेकांची शक्ती दोघांना ठाऊक आहे की नाही? तयारीला वेळ मिळणार का? आपल्या स्वभावाप्रमाणे लढायचे की जीव घ्यायच्या इराद्याने? हे ठरल्याशिवाय चांगले चाहते वादाला बसतच नाहीत.

आणि त्यानंतर पुरावा. इथे मला या पोरांचे खरे कौतुक वाटते. प्राण्याने प्रत्यक्ष करून दाखवलेली गोष्ट हा पहिल्या प्रतीचा पुरावा. निवेदकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या प्रतीची. कथेतल्या पात्राने मारलेली फुशारकी अगदी खालच्या प्रतीची. लेखकाने बाहेर कुठे मुलाखतीत काही सांगितले असेल तर ते धरायचे की नाही, यावर वेगळाच वाद. कोर्टात डोळ्यांनी पाहिलेली साक्ष आणि ऐकीव साक्ष यांत फरक करतात, तसाच हा प्रकार. तथागतांनी कालामांना जे सांगितले ते आपण दर पौर्णिमेला ऐकतो. कुणी मोठा सांगतो म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका. तेच इथे बारा वर्षांचे पोरगे मोबाईल हातात धरून म्हणत असते, "दाखव ना, कुठे केलंय त्याने?"

आता त्या मॅकार्गोचे पाहा. हा लाव्हाची गोगलगाय. त्याच्या अंगाचे तापमान सुमारे १०,००० अंश सेल्सिअस असते, असे नोंदीत लिहिले आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश. म्हणजे ही गोगलगाय सूर्यापेक्षा तापलेली! ती अंगणात आली तर वस्तीत कोणी शिल्लक राहायला नको. पण खेळात लहान मुले तिच्या शेजारी आरामात उभी असतात. त्यातून ती आगीची आणि दगडाची अशा दोन्ही जातींची, म्हणून खेळाच्या नियमाने पाण्याचा मार तिला चौपट लागतो. ज्या अंगाला टेकताच पाण्याची वाफ होते, त्याच अंगाला पाण्याचा चौपट मार. मग खरे काय मानायचे, नोंद की नियम? यावर चाहत्यांत दोन तट आहेत आणि दोन्ही तट पुराव्यानिशी बोलतात.

वेलॉर्ड नावाचा देवमासा तर याहून गमतीचा. लांबी १४.५ मीटर आणि वजन ३९८ किलो. समुद्रातला खरा देवमासा एवढ्या लांबीचा असला तर त्याचे वजन पंचवीस-तीस टन भरते. हा इतका अवाढव्य, आणि वजन तीन मोटारसायकलींएवढे! चाहत्यांनी भागाकार करून दाखवून दिले की हा पाण्यात बुडणारच नाही, फुग्यासारखा तरंगेल. आकडा छापला म्हणून तो खरा ठरत नाही. हिशेबाच्या वहीत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे पाहून बरे वाटते. अलकझाम नावाच्या प्राण्याचा बुद्ध्यांक ५,००० आहे असेही एक वाक्य आहे. तो कोणी मोजला, कोणत्या परीक्षेत मोजला, हे विचारणारी मुलेही आहेत.

कधी कधी तर सगळा तक्ताच चुकतो. भुताच्या जातीचा प्राणी मनःशक्तीच्या जातीच्या प्राण्याला भारी पडतो, असे टी.व्ही.च्या मालिकेत सांगितले जात होते. पण पहिल्या खेळात भुताच्या माराचा मनःशक्तीवाल्यांवर काहीच परिणाम होत नसे. तक्ता भरताना कुणाच्या तरी हातून शून्य पडले, असेच बहुतेकांचे मत आहे. १९९९ च्या पुढच्या खेळात ते दुरुस्त झाले. तोवर मालिका पाहून खेळायला बसलेली मुले हरत राहिली. मालिकेत तो सामना कसा सुटला तेही सांगण्यासारखे आहे. हाँटर नावाच्या भुताने मारामारी केलीच नाही. समोरच्या दगडी चेहऱ्याच्या मुलीला त्याने वेडेवाकडे चाळे करून हसवले. तिचे मन तिच्या प्राण्याशी जोडलेले होते. ती हसली, तसा तोही हसून हसून आडवा झाला. नोंदवहीत या शक्तीसाठी रकाना नव्हता.

या रकान्यांची एक मोठी वही जपानच्याही आधी अमेरिकेत तयार झाली होती. ती कोणी आखली ते पाहिले पाहिजे. गॅरी गायगॅक्स हे शिकागोच्या विमा कचेरीत काम करणारे गृहस्थ. १९७० मध्ये त्यांची नोकरी गेली. पोट भरण्यासाठी त्यांनी घरच्या तळघरात चपला-बूट दुरुस्त करण्याचा धंदा केला. (आपल्याकडे या धंद्याला जन्म चिकटलेला आहे, तिकडे तो अडचणीच्या काळातला उद्योग होता. एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे.) बूट शिवता शिवता खेळांचा नाद चालूच होता. १९७४ मध्ये त्यांनी आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. या खेळात एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रे व्हायचे, आणि लढाईचा निकाल फाशांवर. १९७७ मध्ये त्यांचे 'मॉन्स्टर मॅन्युअल' निघाले. त्यात साडेतीनशेहून अधिक राक्षस, भुते आणि जनावरे वर्णानुक्रमाने नोंदलेली होती. किती आढळतात, कातडी किती जाड, वेग किती, घाव किती सोसतात, किती घाव घालतात, बुद्धी किती, गुहेत धन किती, असे सगळे रकाने. पुढे १९८० मध्ये अशाच एका पुस्तकात देवांनाही आकडे दिले गेले. त्यात इंद्र, अग्नी आणि यमही होते. किती घाव बसले म्हणजे इंद्र पडतो याचा आकडा छापलेला पाहून पोरांनी काय केले असेल ते सांगायला नको.

त्या रकान्यांत एक रकाना स्वभावाचा होता. कायदा पाळणारा की बेबंद, सज्जन की दुष्ट. खेळणारा माणूस आपल्या पात्राचा स्वभाव स्वतः निवडत असे. पण समोरच्या जमातींचा स्वभाव आधीच छापलेला. ऑर्क नावाची जमात इंग्रज लेखक टॉल्कीन यांच्या कादंबऱ्यांतून आलेली. ओबडधोबड तोंडाची, डोंगरात राहणारी. १९७७ च्या वहीत त्यांच्यापुढे 'दुष्ट' असे लिहिले होते. एका ऑर्कपुढे नव्हे, साऱ्या जमातीपुढे. असे लिहिल्याने खेळणाऱ्याची सोय होते. तलवार चालवताना हात थांबत नाही. पण विचार करणारी मुले तिकडेही होती. त्यांनी एक प्रश्न उपस्थित केला आणि तो वर्षानुवर्षे गाजत राहिला. गुहेतले ऑर्क मारले, आत त्यांची लहान लेकरे सापडली, त्यांचे काय करायचे? वहीप्रमाणे तीही दुष्टच. मारली तर आपण कोण झालो? टॉल्कीन यांनाही हा पेच सुटला नव्हता. जन्मतः सुधारण्यापलीकडचा जीव असू शकतो का, यावर त्यांनी आपल्या पत्रांतून पुन्हा पुन्हा विचार केलेला दिसतो.

नवीन आवृत्त्यांत हे कमी व्हायला हवे होते. झाले उलटेच. २०१४ च्या पुस्तकात असे म्हटले होते की ऑर्कांना त्यांच्या क्रूर देवाने घडवले, म्हणून क्रौर्य त्यांच्या रक्तात आहे. एखाद्या ऑर्कने सज्जन व्हायचे ठरवले तरी त्याला जन्मभर आपल्या उपजत वृत्तीशी झगडावे लागते. २०१६ च्या दुसऱ्या पुस्तकात ऑर्कांना ताकदीचे दोन गुण जास्त आणि बुद्धीचे दोन गुण कमी. अंगमेहनतीला उत्तम, शाळेत बसवायला नको! वाचक हो, हे गुणपत्रक आपल्याला नवीन आहे काय? देवाने अमुक अवयवापासून घडवले म्हणून अमुक काम, आणि गुण रक्तातून येतात, ही भाषा आपल्या पूर्वजांच्या कपाळावर तापल्या सळईने लिहिलेली होती. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी नेमका हाच खुंटा उपटला. आणि अंगुलिमालाच्या गळ्यात तर माणसांच्या बोटांची माळ होती. त्याच्या रकान्यात 'दुष्ट' लिहायला पुराव्याचीही वाण नव्हती. भगवंतांनी त्याला भिक्खू केले.

आमच्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग असतो. तिथे हा ऑर्कचा विषय मी एकदा काढला. मुलांनी आधी माझेच वाभाडे काढले. "सर, तुम्हाला खेळ कळत नाही, शत्रू नसला तर खेळायचं कशाला?" म्हणणे रास्त आहे. खेळाला शत्रू लागतो. मग एक सातवीतली मुलगी म्हणाली, "शत्रू ठेवा ना. पण तो काय करतो म्हणून शत्रू, ते लिहा." वसलसुत्तात अग्गिक भारद्वाजाने भगवंतांना लांबूनच 'वसल' म्हणून थांबवले, तेव्हा भगवंतांनी त्याला कर्मांची यादीच ऐकवली. ते सुत्त त्या मुलीने वाचलेले नव्हते.

अमेरिकेतल्या चाहत्यांचेही तेच म्हणणे होते. विशेषतः काळ्या वर्णाचे चाहते कित्येक वर्षे हे सांगत होते. मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे पोलिसाने जॉर्ज फ्लॉईड यांना ठार केले आणि देशभर लोक रस्त्यावर आले. पुढच्याच महिन्यात खेळाच्या कंपनीने जाहीर केले की ऑर्कांसारख्या जमाती सरसकट दुष्ट दाखवणे चुकीचे होते आणि ते बदलू. यात धंद्याचा हिशेब नव्हता असे मी म्हणणार नाही. कंपनी ती कंपनीच. त्याच कंपनीने २०२२ मध्ये नव्या पुस्तकात हॅडोझी नावाची माकडासारखी जमात आणली. एका जादूगाराने त्यांना पकडले, औषध पाजून शहाणे केले आणि गुलाम म्हणून विकायचा बेत केला, अशी त्यांची कथा लिहिली. चाहत्यांनी गहजब केला. काळ्या माणसांना गुलामीच्या काळात ज्या शब्दांनी हिणवले जाई तेच हे चित्र आहे, असे त्यांनी दाखवून दिले. कंपनीला माफी मागून तो मजकूर काढावा लागला. म्हणजे घोषणा होऊन दोन वर्षे झाली तरी हात जुन्याच वळणाने लिहीत होता. आपल्या सरकारी परिपत्रकांचा अनुभव असणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.

तरीही बदल झाला. २०२४ च्या नव्या पुस्तकातून 'वंश' हा शब्द गेला. ताकद आणि बुद्धी यांचे जास्तीचे गुण आता जमातीवरून मिळत नाहीत. तुम्ही आयुष्यात काय करत होता त्यावरून मिळतात. शेतकरी होता, कारागीर होता, शिपाई होता, खलाशी होता. यादीत लेखनिकही आहे, आम्हा कारकुनांची सोय झाली! फेब्रुवारी २०२५ मध्ये निघालेल्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमधून ऑर्कांची नोंदच काढली. आता लुटारू हवा असेल तर लुटारूची नोंद वापरायची, तो माणूस असो की ऑर्क. यावर जुने खेळाडू रागावले. खेळाचा मसाला गेला, सगळे गुळमुळीत केले, अशी त्यांची तक्रार आहे. काही जण सरळ विचारतात, जगात नसलेल्या ऑर्कचा अपमान कसा होतो? ऑर्कचा होत नाही, हे खरे. पण असला रकाना भरायची सवय ज्या हाताला लागते तो हात या जगातच असतो.

स्पायडरमॅनचे एक जनक स्टॅन ली यांना लोक सतत विचारत की अमक्यात आणि तमक्यात कोण जिंकेल. त्यांचे उत्तर असे की लेखकाला ज्याला जिंकवायचे असेल तो जिंकतो. चाहत्यांचा या उत्तराने हिरमोड होतो, पण आपण त्यावर थोडे थांबले पाहिजे. कारण त्या १९७७ च्या अमेरिकन वहीत एक नोंद आपल्या देशातली होती. 'राक्षस', याच नावाने. हे मूळ भारतातले, दुष्ट, माणसाचे मांस खाणारे, समोरच्याच्या विश्वासातल्या माणसाचे रूप घेऊन फसवणारे. चित्रात वाघाचे तोंड, अंगात उंची झगा आणि हातात चिलीम. साधी हत्यारे त्याच्यावर चालत नाहीत, मात्र धर्मगुरूने मंत्रून दिलेला बाण लागला की तो तत्काळ मरतो. हा बाण कोणत्या रामायणातला म्हणून शोधू नका. १९७४ मध्ये अमेरिकन टी.व्ही.वर दाखवलेल्या एका भीतीच्या मालिकेतून तो उचललेला आहे. पुढच्या आवृत्त्यांत राक्षसाचे तळवे उलटे झाले. आपल्याकडे हडळीचे पाय उलटे, तिकडे राक्षसाचे हात.

आता दुसरी वही उघडू. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली. काळ्यांची गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना त्यांनी ती अर्पण केली. धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात, अशी तिची रचना आहे. धोंडिबाचे प्रश्न वाचताना मला आजच्या या चाहत्या पोरांची आठवण येते. मासा झाला तो कसा, डुक्कर झाला तो कसा, एका पावलात पृथ्वी व्यापली तर माणसे कुठे गेली? पुरावा कुठे आहे? जोतीरावांनी वामनाची बाजू सोडून बळीच्या बाजूने कथा वाचली, आणि राक्षस म्हणजे रक्षण करणारे असा अर्थ लावला. व्युत्पत्तीवर पंडितांना काय घालायचा तो वाद घालू द्या. रकाना कोणी भरला, हे विचारण्याची सुरुवात महाराष्ट्रात तिथून झाली. अजूनही खेड्यापाड्यातल्या आयाबाया दिवाळीत राज्य मागतात ते बळीचेच मागतात, वामनाचे नाही.

नागांचेही असेच. त्या अमेरिकन वहीत माणसाच्या तोंडाचे तीन प्रकारचे नाग आहेत. एक सज्जन राखणदार, एक दुष्ट, एक पाण्यातला मध्यम स्वभावाचा. जोडीला विष, मंत्र आणि शेपटीचा विळखा. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात नाग लोकांविषयी सांगितले ते साप नव्हते, माणसे होती. बुद्धाचा धम्म पसरवणारी माणसे. दीक्षेसाठी त्यांनी नागपूर निवडले ते त्यांच्यासाठी.

घरातल्या पोराने उद्या राक्षस आणि नाग यांची झुंज लावली तर त्याला दटावू नका. कोणत्या पुस्तकातला राक्षस घेतोस, तेवढे विचारा. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधून ऑर्क गेले, पण राक्षस तिथेच आहे, आणि त्याच्यापुढे जुनाच शब्द छापलेला आहे. भारतातून कोणी हरकत घेतल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. इंग्रजी चांगले असणाऱ्या आपल्या एखाद्या तरुण वाचकाने पत्र लिहायला घेतले, तर मसुदा तपासायला मी बसेन.

पुढील आठवड्यात शिष्यवृत्तीच्या अर्जांतील नेहमीच्या त्रुटींविषयी. जय भीम.